आय ट्रॅकिंग पहिल्यांदा करताय? माणसं माहिती शोधताना कशी वाचतात ते बघायची पद्धत, सांगलीतल्या अनुभवातून

सांगलीत बसून असलं काम करता येतं का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. येतं. मी ग्रंथालय आणि माहितीशास्त्रात पीएचडी करतेय, विषय असा की आपल्याकडचे शेतकरी वेबसाईटवर माहिती शोधताना ते पान वाचतात कसं, कुठं थांबतात, काय सोडून देतात. त्यासाठी आय ट्रॅकर वापरला, म्हणजे नजर स्क्रीनवर नेमकी कुठं पडतेय ते मोजणारं यंत्र. शिकवायला जवळपास कुणी नव्हतं, मॅन्युअल सगळे इंग्रजीत आणि त्यातली लॅब म्हणजे एसी, काळे पडदे आणि समोर वीस-बावीस वर्षांची कॉलेजची पोरं. माझ्यासमोर होते पन्नाशीतले द्राक्ष बागायतदार, डोळ्याला बायफोकल चष्मा आणि बाहेर रणरणतं ऊन. पहिली सहा रेकॉर्डिंग टाकून द्यावी लागली. ती माणसं तासगावकडनं एसटीनं आली होती, त्यांचा अख्खा दिवस मोडला आणि हाताला काहीच लागलं नाही, हे अजून मनाला लागतं. तुमच्याकडं येणाऱ्या माणसांचा दिवस तरी वाया जाऊ नये म्हणून सगळं क्रमानं लिहितेय.

१. मशीनच्या आधी प्रश्न लिहा

सगळ्यात जास्त चूक इथंच होते. मशीन मिळालं की आपण लगेच कुणालातरी समोर बसवतो आणि म्हणतो "हे पान बघा". मग काय होतं, माणूस बघतो, नजर इकडंतिकडं फिरते, रंगीत ठिपके छान दिसतात आणि त्यातनं काहीच कळत नाही.

आल्फ्रेड यार्बस नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं हे फार पूर्वी दाखवून ठेवलंय, त्याच्या कामाचं इंग्रजी भाषांतर १९६७ साली आलं. त्यानं एकच चित्र दाखवलं आणि प्रत्येक वेळी प्रश्न बदलला. या लोकांची वयं सांग म्हटलं की नजर चेहऱ्यांवर, घर किती श्रीमंत आहे सांग म्हटलं की नजर सामानावर आणि कपड्यांवर. चित्र तेच, डोळे तेच, प्रश्न बदलला की रस्ता बदलला. म्हणजे तुम्ही प्रश्न दिला नाही तरी समोरचा माणूस मनात स्वतःचा काहीतरी प्रश्न धरतोच, आणि तो तुम्हाला माहीत नसतो.

"लोक वेबसाईट कशी वाचतात" हा प्रश्न नव्हे. "बाजारभावाच्या टेबलात शेतकरी आधी मालाची जात बघतो आणि मग दराकडं जातो, का थेट दराच्या आकड्यावर उडी मारतो" हा प्रश्न आहे, कारण याचं उत्तर नजरेच्या रस्त्यावरनं खरंच देता येतं. कागदावर एका वाक्यात लिहून भिंतीला चिकटवा. आणि खाली अजून एक वाक्य लिहा की हे यंत्र काय सांगणार नाही. नजर कुठं पडली ते सांगतं, कळलं का ते सांगत नाही. कळलं का हे वेगळं विचारावं लागतं, तोंडानं.

२. डोळा वाचतो कसा, एवढं तरी माहीत पाहिजे

हात पूर्ण लांब करून अंगठा बघा. त्या अंगठ्याच्या रुंदीएवढ्या, साधारण दोन अंशाच्या जागेतच आपल्याला बारीक अक्षर स्वच्छ दिसतं. बाकी सगळं धूसर. म्हणून डोळा सतत तो छोटा स्वच्छ तुकडा उचलून पुढं पुढं ठेवत असतो. वाचताना डोळा ओळीवरनं घसरत जात नाही, उड्या मारत जातो, हे फ्रेंच नेत्रतज्ज्ञ एमिल जाव्हाल यांच्या काळापासून म्हणजे १८७० च्या दशकापासून माहीत आहे.

थांबण्याला फिक्सेशन म्हणतात, उडीला सॅकेड. इंग्रजी वाचणाऱ्या मोठ्या माणसांचं सरासरी फिक्सेशन २०० ते २५० मिलिसेकंद, एक उडी सात ते नऊ अक्षरांची, आणि शंभरातल्या दहा-पंधरा उड्या उलट्या, म्हणजे मागच्या शब्दावर परत. उडी चालू असताना नवीन काही वाचलं जात नाही. लहान आणि अंदाज करता येणारे शब्द डोळा गाळूनच टाकतो, त्याला घाबरू नका, तसं सगळेच वाचतात.

इथं पहिली सूचना. इंग्रजीसाठीचे आकडे जसेच्या तसे मराठीला लावू नका. एका थांब्यात नजरेच्या डावीकडं तीन-चार आणि उजवीकडं चौदा-पंधरा अक्षरांपर्यंत उपयोगी माहिती मिळते असं पुस्तकांत वाचाल, ते इंग्रजी अक्षरांचं माप आहे. "कृष्णा" या शब्दात अक्षरं किती धरायची? जोडाक्षर एक का दोन, काना वेगळा का अक्षरातच, हे आधी ठरवा, लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा. मी शब्द हेच एकक धरलं, अक्षरांच्या भानगडीत पडले नाही.

आणि शोधताना वाचणं हे गोष्ट वाचण्यासारखं नसतंच. २००६ साली निल्सन नॉर्मन ग्रुपनं, म्हणजे लोक वेबसाईट कशी वापरतात ते तपासणाऱ्या कंपनीनं, २३२ जणांची नजर वेबपेजवर मोजली आणि त्यात इंग्रजी एफ अक्षरासारखा आकार दिसला, वर दोन आडव्या ओळी आणि मग डाव्या कडेनं खाली. लोकांनी हे वाचून वेबसाईटा डावीकडं भरायला सुरुवात केली. पण तो आकार म्हणजे कुठला नियम नाही, मजकुराचा नुसता गठ्ठा असेल, मधे उपशीर्षकं नसतील तिथं माणूस कंटाळून तसा घसरतो. पान नीट मांडलं की आकार बदलतो. सर्च रिझल्टचंही बघा, कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली दाखवलं की पहिल्या आणि दुसऱ्या रिझल्टकडं लोक जवळपास सारखंच बघतात पण क्लिक मात्र पहिल्यावरच फार जास्त पडतात. बघितलं म्हणजे निवडलं असं नाही, हे यातनं शिकायचं.

३. मशीन कुठलं

बहुतेक यंत्रं एकाच तत्त्वावर चालतात. डोळ्यावर इन्फ्रारेड प्रकाश टाकायचा, बुबुळावर त्याची चमक पडते, ती चमक आणि बाहुलीचं केंद्र यांच्यातल्या अंतरावरनं नजरेची दिशा काढायची. हे लक्षात ठेवा, कारण पुढं खोलीचे आणि चष्म्याचे जेवढे त्रास आहेत ते सगळे या चमकेमुळंच आहेत.

मग हर्ट्झ. ६० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ६० नोंदी, म्हणजे साधारण १७ मिलिसेकंदाला एक. पानाचा कुठला भाग बघितला, टेबल का परिच्छेद, एवढंच पाहिजे असेल तर ६० पुष्कळ झालं. शब्दाशब्दावरचा थांबा मोजायचा असेल तर २५० च्या वर पाहिजे. १००० हर्ट्झवालं यंत्र हनुवटी टेकवायच्या स्टँडसकट वापरतात, ते फार अचूक, पण आपल्या शेतकऱ्याला त्यात हनुवटी अडकवून "आता नेहमीसारखं शोधा" म्हणणं मला पटत नाही.

विकत घ्यायच्या नादाला लागू नका. संशोधनाची यंत्रं लाखांच्या घरात जातात. सायकॉलॉजी, डिझाईन, ऑप्टोमेट्री शिकवणाऱ्या संस्थांत विचारा, बऱ्याच ठिकाणी घेऊन ठेवलेलं असतं आणि वापरायला माणूस नसतो. मला असंच एका संस्थेत महिनाभर वापरायला मिळालं.

दोन सापळे. एक, गेम खेळणाऱ्यांसाठीचे स्वस्त आय ट्रॅकर. दिसायला तसेच, पण त्यांच्या लायसन्समध्ये नजरेचा डेटा साठवून विश्लेषण करायला मनाई असू शकते, आधी ते वाचा. दोन, लॅपटॉपच्या वेबकॅमवर चालणारी सॉफ्टवेअर. ब्राऊन विद्यापीठात बनलेलं वेबगेझर फुकट आहे, शिकायला आणि पायलटला, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणी फेरीला, चांगलं आहे, पण त्याची चूक काही अंशांची असते, म्हणजे तुम्ही वरचं बटन बघितलं का खालचं एवढं कसंबसं कळेल, ओळ कळणार नाही. प्रबंधात त्यावर शब्दांचे निष्कर्ष काढाल तर परीक्षक पहिल्याच प्रश्नात धरतील आणि बरोबरच आहे त्यांचं.

यंत्र घेताना एकच गोष्ट नक्की विचारा, कच्चा डेटा, म्हणजे प्रत्येक नोंदीचे आकडे, एक्सपोर्ट होतो का. नुसती चित्रं मिळत असतील तर नको.

४. कागदपत्रं आणि सामान

- संस्थेच्या नीती समितीची मंजुरी. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वं मुळात आरोग्य संशोधनासाठी आहेत पण समित्या बऱ्याचदा तीच चौकट धरतात, वाचून जा. वेळ लागतो, सगळ्यात आधी हा अर्ज टाका.
- संमतीपत्र, मराठीत, साध्या मराठीत. त्यात चेहऱ्याचा व्हिडिओ घेणार का, डेटा किती वर्षं ठेवणार, कुणाला दाखवणार आणि मधेच उठून जायची मुभा आहे, हे स्पष्ट पाहिजे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बघून घ्या, त्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे.
- माहितीपत्रक, जे माणूस घरी घेऊन जाईल.
- एक पानी प्रश्नावली: वय, चष्मा कसला, डोळ्याचं ऑपरेशन झालंय का, मोबाईलवर काय काय शोधता.
- प्रवासखर्चाची पावती वही.
- जवळच्या वाचनाची चाचणी घ्यायचा तक्ता, मराठी अक्षरांचा.
- मॉनिटर (लॅपटॉपच्या स्क्रीनपेक्षा वेगळा बरा), मेजर टेप, चाकं नसलेली खुर्ची, यूपीएस, जाड पडदा, कापसाचे बोळे, चष्मा पुसायचं कापड.

खुर्ची फिरती असेल तर माणूस नकळत झुलतो, डोळे यंत्राच्या चौकटीतनं बाहेर जातात. लाकडी खुर्ची आणा.

५. पान आणि टास्क, इथं वेळ घालवा

हिशेब आधी. ६० सेंटीमीटर अंतरावरनं एक अंश म्हणजे स्क्रीनवर साधारण एक सेंटीमीटर. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर तेच जवळपास ३८ पिक्सेल. कंपनी यंत्राची चूक अर्धा अंश सांगते, प्रत्यक्षात चष्मेवाल्या माणसांत एक अंश धरून चाला. आता तुमच्या ओळींमधलं अंतर २४ पिक्सेल असेल तर नजर कुठल्या ओळीवर होती हे देवालाच माहीत. मराठीत वर वेलांटी, रफार, खाली उकार, त्यामुळं ओळी तशाही दाटीवाटीनं बसतात. फॉन्ट मोठा करा, ओळीचं अंतर मोकळं सोडा. टेबलच्या रांगा पण उंच ठेवा. हो, त्यानं पान खऱ्या वेबसाईटपेक्षा थोडं वेगळं दिसतं, ते प्रबंधात कबूल करा.

जुना मजकूर श्रीलिपी किंवा तसल्या फॉन्टात असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा आणि आणल्यावर एक एक शब्द तपासा. माझ्या एका पानात "फवारणी"तला "र" उडून तिथं भलतंच चिन्ह आलेलं, आणि तीन माणसं त्याच शब्दावर अडकली. मला वाटलं वा, काहीतरी सापडलं. सापडली होती टायपिंगची चूक.

आता टास्क. माझा पहिला टास्क होता, पूरस्थितीच्या पानावर आयर्विन पुलाजवळची कृष्णेची इशारा पातळी शोधा. सांगलीच्या माणसाला हे विचारतात का! इशारा ४०, धोका ४५ फूट, हे इथं शाळेतल्या पोराला पाठ असतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलेलं ज्यांनी बघितलंय, २०२१ ला परत घर रिकामं केलंय, ते काय पान वाचतील? पानाकडं न बघता उत्तर सांगून मोकळे. तर टास्क असा पाहिजे की विषय ओळखीचा पण उत्तर माहीत नसलेलं. मग मी बाजारभावाच्या टेबलावर आले. आपल्या पणन मंडळाच्या पद्धतीचं टेबल, शेतमाल, जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. आकडे मी मुद्दाम बनवलेले ठेवले, आणि तसं नंतर सांगितलं, कारण आजचा खरा दर माणसाला सकाळीच व्हॉट्सॲपवर आलेला असतो. टास्क: "राजापुरी हळदीचा सर्वसाधारण दर सांगा."

यात जे दिसलं ते मला फार मोलाचं वाटतं. बरेच जण "राजापुरी" शोधून आडवे सरकायचे आणि सगळ्यात मोठ्या आकड्यावर थांबायचे, तो आकडा जास्तीत जास्त दराचा. "सर्वसाधारण" हा शेवटचा कॉलम, त्याच्या डोक्यावरच्या शीर्षकाकडं नजर जायचीच नाही, आणि गेली तर खाली येताना रांग चुकायची. मार्केट यार्डात हळद घेऊन जाणाऱ्या माणसानं असा दर वाचला तर मनात एक आकडा धरून जाईल आणि सौद्याला दुसराच ऐकेल. टेबल बनवणाऱ्यानं शीर्षक अजून एकदा खाली छापलं असतं तरी काम झालं असतं.

टास्क देताना:

टास्क तोंडी सांगा आणि त्यांच्याकडनं परत म्हणवून घ्या. पानावरच लिहिलात तर टास्क वाचण्याचाच डेटा गोळा होईल.

पान उघडायच्या आधी स्क्रीनवर एक अधिक चिन्ह दाखवा आणि त्याकडं बघायला सांगा. मात्र ते कायम डाव्या कोपऱ्यात ठेवू नका, नाहीतर सगळे डावीकडनंच सुरू करतात असा निष्कर्ष तुम्हीच तयार करून ठेवाल.

टास्कचा क्रम प्रत्येकाला वेगळा. पाचव्या टास्कला माणूस दमलेला असतो, पाच-सहाच्या वर जाऊ नका.

माऊसचं काय करायचं तेही ठरवा. मोबाईल सराईत चालवणारे काका माऊस हातात आला की माऊसकडंच बघत बसतात. मी शेवटी माऊस माझ्याकडं घेतला, त्यांनी "सापडलं" म्हणायचं, मी बटन दाबायचं. पान स्क्रोल न होणारं ठेवलं. ज्यांना मोबाईलवरच करायचंय त्यांनी मोबाईल स्टँडला लावा, हातात धरलेला मोबाईल हलतो, आणि टाइप करताना हात आडवा येऊन यंत्राला डोळे दिसत नाहीत.

६. खोली

माझी ती सहा रेकॉर्डिंग गेली ती पश्चिमेच्या खिडकीमुळं. सकाळी सगळं टेस्ट केलेलं, उत्तम चाललेलं, आणि माणसं आली दुपारी तीनला. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं, तो तिरका डोळ्यावर आला की यंत्राला आपली चमक कुठली आणि सूर्याची कुठली कळत नाही. ज्या वेळेला माणसं येणार त्याच वेळेला टेस्ट घ्या. खिडकीला जाड पडदा, माणसाच्या मागं पांढरी उन्हाची भिंत नको, जुने पिवळे बल्ब बंद, ट्यूब किंवा एलईडी चालू. पंखा लावा पण डोळ्यावर थेट वारा नको, डोळे कोरडे पडून पापण्या जास्त लवतात. लाईट जाणारच आहे असं धरून यूपीएस.

७. माणसं बोलावणं

पुस्तकात "सहभागींची निवड" म्हणून दोन ओळी असतात. खरं काम इथं आहे.

आमच्याकडं आय ट्रॅकिंग म्हटलं की लोकांना नेत्रतपासणी शिबिर वाटतं. शेजारी मिरज, दवाखान्यांचं गाव, त्यामुळं तर जास्तच. पहिल्या दिवशी एक मामा येऊन बसले आणि म्हणाले, "ताई, नंबर काढून चष्मा हितंच मिळतुया व्हय?" ते त्या आशेनं आले होते. हा गैरसमज राहू देणं म्हणजे फसवणूक आहे, सही घेतली तरीसुद्धा. मी तेव्हापासून फोनवरच पहिलं वाक्य हे ठेवलं: "काका, ही डोळ्याची तपासणी नाही, औषध नाही, नंबर नाही, आम्हाला बघायचंय की आमचं पान वाचायला सोपं आहे का." आणि "परीक्षा तुमची नाही, पानाची आहे" हे तर प्रत्येक टास्कच्या आधी म्हणा. मोठ्या माणसाला कॉम्प्युटरसमोर चुकायची लाज वाटते, लाज वाटली की तो शोधायचं सोडून प्रत्येक शब्द शहाण्यासारखा वाचत बसतो.

द्राक्षवाल्यांना ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत बोलवू नका, सकाळी फवारणी असते आणि मनही बागेत असतं. ऊसवाल्यांना तोड आली की विसरा. पावसाची झड लागली की माणसं निवांत भेटतात, फक्त नदीकाठच्या गावांचं पाण्याकडं लक्ष ठेवून तारीख धरा.

प्रवासखर्च आणि बुडालेल्या वेळेचे पैसे द्या, टास्क जमले नाहीत तरी पूर्ण द्या. आणि चहा रेकॉर्डिंगच्या आधी द्या, त्या दहा मिनिटांत माणूस मोकळा होतो.

८. कॅलिब्रेशन

यंत्राला त्या माणसाचा डोळा ओळखीचा करून द्यायचा. स्क्रीनवर ठिपका येतो, त्याकडं बघायचं, असे पाच किंवा नऊ ठिपके. वाचनासाठी नऊच घ्या.

सूचना साधी ठेवा. "काका, मान स्थिर, फक्त डोळे हलवा. ठिपका जाईल तिकडं जा, त्याच्या आधी जाऊ नका." दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे कारण हुशार माणसं पुढचा ठिपका कुठं येणार हे ओळखून आधीच तिकडं पोचतात आणि कॅलिब्रेशन बिघडतं.

अडचणी कुठून येतात:

काजळ. यंत्र गडद कडेवरनं बाहुली शोधतं, जाड काजळ असेल तर गोंधळतं. बायकांना अचानक पुसायला सांगणं बरं दिसत नाही, फोनवरच आधी विनंती करा.

बायफोकल. काचेच्या रेषेवर चमक तुटते, आणि माणूस खालच्या भागातनं बघायला मान वर करतो. मॉनिटर थोडा खाली घ्या आणि मागं कलता करा. तरी जमलं नाही तर जमलं नाही.

पापण्या. वय झालं की वरची पापणी खाली येते, बाहुली अर्धी झाकली जाते. यंत्र डोळ्यांच्या खालच्या बाजूनं, मॉनिटरच्या बुडाला ठेवा.

चष्मा विसरून आलेले. चाळिशीच्या वरच्या बहुतेक माणसांना वाचनाचा चष्मा लागतो, आणि तो नसेल तर तुम्ही वाचन नव्हे, धडपड मोजताय. आधी तक्त्यावर वाचायला लावा.

कॅलिब्रेशन झाल्यावर तपासणी घ्या, वेगळ्या जागी चार ठिपके दाखवून चूक किती येते ते बघा आणि लिहून ठेवा. माझी मर्यादा एक अंश होती. त्याच्या वर गेलं तर परत, तीनदा प्रयत्न करून नाही जमलं तर थांबायचं. अशा माणसाला "तुमचे डोळे चालत नाहीत" असं चुकूनही म्हणू नका, यंत्राला चमक सापडत नाही असं सांगा, तेच खरं आहे, आणि त्यांच्याकडनं टास्क तोंडी करून घ्या, तो अनुभवही कामाचा असतो. किती जणांचं जमलं नाही हा आकडा प्रबंधात द्या. बायफोकलवाले सगळे गळले तर तुमचा अभ्यास तरुण डोळ्यांचा झाला, शेतकऱ्यांचा नाही. दोन टास्कनंतर परत तपासणी, माणूस खुर्चीत खचतो आणि सगळं दोन बोटं खाली सरकतं.

९. रेकॉर्डिंग चालू असताना गप्प बसा

तुम्ही त्यांच्या समोर बसलात तर ते तुमच्याकडं बघून बोलणार, आपली रीतच आहे ती. मागं, तिरकं बसा. "काय विचार करताय" असं मधेच विचारू नका, बोलताना नजर वेगळी चालते. त्यापेक्षा टास्क संपल्यावर त्यांचंच रेकॉर्डिंग, तो फिरणारा ठिपका, त्यांना दाखवा आणि विचारा की इथं का थांबलात. याला मागाहून बोलकं करणं म्हणू. मला सगळ्यात जास्त इथंच मिळालं. एक काका पानाच्या उजव्या कडेला पूर्ण वेळ एकदाही गेले नव्हते. का, तर म्हणाले, "तिकडं जाहिरातीच असत्यात." माझी अर्धी माहिती उजव्या चौकटीत होती.

हेडफोन लावून व्हॉइस सर्च करणारेही भेटतील. बोलून शोधताना माणूस स्क्रीन सोडून वर किंवा मोबाईलच्या माईककडं बघतो, त्या वेळेचा डेटा वेगळा काढून ठेवा, "हरवलेला" म्हणून फेकू नका.

१०. डेटा उघडल्यावर

आधी तीनचार जणांचा पायलट करा आणि त्याचं विश्लेषण शेवटपर्यंत न्या, मगच पुढची माणसं बोलवा. मी हे न करता पुढं गेले होते.

कच्च्या नोंदींतनं फिक्सेशन काढायच्या दोन प्रचलित रीती आहेत. एक वेगावर, नजरेचा वेग ठरावीक मर्यादेच्या खाली असला की थांबा, ही मर्यादा बऱ्याचदा सेकंदाला ३० अंश ठेवतात. दुसरी पसरण्यावर, साधारण एक अंशाच्या आत नजर १०० मिलिसेकंद राहिली की थांबा. ६० हर्ट्झला मला दुसरी जास्त भरवशाची वाटली. कुठलीही घ्या पण आकडे लिहा, सॉफ्टवेअरचं डिफॉल्ट म्हणून सोडून देऊ नका, कारण मर्यादा बदलली की थांब्यांची संख्याच बदलते.

मग पानावर चौकोन आखा, शीर्षक, जात, दर वगैरे, यांना एओआय म्हणतात, म्हणजे आपल्याला ज्यांच्यात रस आहे त्या जागा. हे रेकॉर्डिंग बघायच्या आधी आखा. नंतर आखलेत तर हात आपोआप ठिपक्यांच्या मागं जातो. चौकोनांच्या मधे रिकामी पट्टी सोडा, चूक सामावली पाहिजे. मोजायचं काय तर पहिल्यांदा तिथं पोचायला लागलेला वेळ, एकूण थांबण्याचा वेळ, परत परत येणं. सगळं मोजू नका, भिंतीवरच्या त्या एका वाक्याला जे लागतं तेवढंच.

हीटमॅपबद्दल, म्हणजे जास्त बघितलेली जागा लाल दाखवणाऱ्या चित्राबद्दल, मला तळमळीनं सांगायचंय. लाल-पिवळं चित्र सगळ्यांना आवडतं, गाईडना पण, आणि प्रेझेंटेशनला टाळ्या मिळतात. पण पाच-सात जणांचा हीटमॅप म्हणजे एखाद्याच माणसाची नजर मोठी करून दाखवणं. जेकब निल्सन आणि कारा पर्निस यांनी स्थिर हीटमॅपसाठी ३९ जण सुचवलेत. आणि लाल म्हणजे "आवडलं" नव्हे. माणूस एखाद्या जागी जास्त थांबतो ते रस वाटला म्हणून किंवा काही कळेना म्हणून, चित्रात दोन्ही लालच. "सर्वसाधारण" या शब्दावर लाल डाग होता, तो गोंधळाचा होता, हे मला मागाहूनच्या बोलण्यातनं कळलं. उत्तर बरोबर आलं का चूक, हे प्रत्येक आकड्याच्या शेजारी ठेवूनच वाचा.

ठिपके एका बाजूला सरकलेले दिसले की हातानं ओळीवर आणून बसवायचा मोह होतो. नियम आधी लिहिलेला असेल, सगळ्यांना सारखा लावत असाल आणि प्रबंधात सांगणार असाल तरच. एकाच माणसाच्या अनेक नोंदी असतात त्यामुळं दोन सरासऱ्यांची तुलना करणारी साधी टी-टेस्ट लावून मोकळं होता येत नाही, आर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मिश्र मॉडेल लावतात, जे एका माणसाच्या नोंदी एकमेकींशी जोडलेल्या धरतं, स्टॅटिस्टिक्सच्या माणसाला टास्क ठरवतानाच सोबत घ्या.

फाईलींना नावं देताना माणसाचं नाव नको, नुसता क्रमांक. नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या वहीत, कुलपात. चेहऱ्याचा व्हिडिओ लागत नसेल तर घेऊच नका.

११. पान सुधारा आणि नवीन माणसांना दाखवा

नुसतं "टेबल अवघड आहे" लिहून थांबू नका. एक बदल करा, एकच. मी सर्वसाधारण दराचा कॉलम जातीच्या लगेच शेजारी आणला. मग नवीन माणसं बोलवा, एकाला जुनं पान, पुढच्याला नवं, असं आलटूनपालटून. पहिल्या वेळच्या माणसांना परत बसवू नका, त्यांना उत्तराची जागा ठाऊक झालेली असते, डोळा सरळ तिथंच जातो. त्यांना सुधारलेलं टेबल छापून पोस्टानं पाठवा किंवा कुणाबरोबर तरी गावात द्या, मी तसं केलं, त्यांच्यामुळंच ते बदललं होतं.